जुन्या अंकांत पणजी शोधताना



गेल्या वेळी भाजणीवर लिहिलं होतं, तेव्हा तुमच्यापैकी दोघीतिघींनी विचारलं होतं, की तुम्ही हल्ली वाचनालयात काय करत बसता. त्याचं उत्तर आज देते. मी मेलेल्या माणसांच्या बातम्या वाचत बसते. घरात यावरून पुष्कळ थट्टा होते. पण या वाचनातून माझ्या हाती जे लागलं, ते आपल्या सगळ्याजणींच्या घरात उपयोगी पडण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माणसांची नावं मुद्दाम देत नाही. घरातल्या मोठ्यांना ते आवडणार नाही.

कारण साधंच होतं. माझ्या आजीच्या, म्हणजे आईच्या आईच्या, माहेरी एका होतकरू मुलाने घराण्याची वंशावळ तयार केली. मोठी चांगली छापली होती, रंगीत, झाडाच्या आकाराची. सात पिढ्यांचे पुरुष, आणि अलीकडच्या चार पिढ्यांच्या बायका. पणजोबांच्या चौकटीशेजारी एकाच पत्नीचं नाव होतं, दुसरीचं. पहिलीचा पत्ताच नव्हता. आणि माझी आजी ही त्या पहिलीची एकुलती मुलगी. माझी थोरली मावशी आता ९३ वर्षांची आहे. तिने भिंग घेऊन सगळं झाड वाचलं आणि विचारलं, "मग माझ्या आईची आई कुठंय?" कोणालाच सांगता येईना. तिचं नाव मावशीलाही ठाऊक नव्हतं. आजीने ते कधी घेतलंच नाही. सावत्र आईसमोर पहिलीचं नाव काढायचं नाही, हा त्या घराचा अलिखित नियम होता, आणि लहानपणी लागलेली ती सवय आजीला म्हातारपणीही सुटली नाही. ती फक्त एवढंच सांगायची, की मी चार वर्षांची असताना आई गेली, मानमोडीत, पक्षपंधरवड्यात.

मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएन्झा. त्या वर्षी जूनमध्ये मुंबईत पहिली लाट आली, ती तशी सौम्य होती. दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आली आणि देशभर पसरली. एक कोटीहून जास्त माणसं देशात गेली, आणि त्यात म्हातारीकोतारी कमी, विशी-तिशीतली धडधाकट जास्त. घरातल्या आजाऱ्यांचं करणाऱ्या तरुण बायका फार गेल्या. वर पाऊस दगा देऊन गेला होता, धान्य महाग होतं. आपल्या कोल्हापूर-सांगली-बेळगाव भागात कुठल्याही जुन्या घरात विचारा, त्या साथीत गेलेलं एखादं माणूस निघतंच.

आता आपल्या समाजापुरती एक अडचण सांगते, जी मला आधी कधी जाणवली नव्हती. आपल्याकडे श्राद्ध-पिंडदान मानत नाहीत. गेलेला जीव आपल्या कर्माप्रमाणे पुढच्या गतीला गेला, त्याला आपण घातलेला घास पोचत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ते मला पटतंही. पण आमच्या शेजारच्या ब्राह्मण काकूंकडे पक्षात तर्पणाच्या वेळी बाप, आजा, पणजा आणि त्यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांची नावं घ्यावीच लागतात. म्हणजे दरवर्षी उजळणी होते. शिवाय नाशिक-हरिद्वारला उपाध्यांच्या वह्या असतात. आपल्याला ही उजळणी नाही. त्यामुळे दोन पिढ्यांमागे गेलं की अंधार, आणि बायकांच्या बाबतीत तर एका पिढीमागेच. तत्त्व बरोबर आहे, पण नावं टिकवायची सोय आपल्याला वेगळी करावी लागते. ती आपल्या पूर्वजांनी केलेली होती, हे मला नंतर कळलं.

पहिल्यांदा मी सरळ मार्गाने गेले. माझा पुतण्या तालुक्याच्या कचेरीत नेहमी जातो, त्याच्याबरोबर गेले. जुन्या काळी गावचा जन्ममृत्यूचा हिशेब गाव नमुना १४ मध्ये असे. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदींच्या निमित्ताने अलीकडे ही वह्यांची बाडं पुष्कळ ठिकाणी बाहेर निघाली. नोंदी बहुतेक मोडीत. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी बरोबर घेतले. नोंद सापडली. पणजोबांचं नाव, पुढे 'बायको', वय २२, कारण ताप. बस्स. गुरुजींनी दोनदा वाचून दाखवलं. बाईचं नाव लिहायला त्या वहीत जागाच नव्हती असं नाही, लिहिणाऱ्याला गरज वाटली नव्हती. बावीस वर्षांची होती, हे मात्र तेव्हा कळलं. माझी नात सध्या बावीसची आहे.

मग वर्तमानपत्रं. इथे थोडं समजून घ्यायला हवं, कारण आजच्या पेपरातल्या निधनवार्तांवरून जुन्या पेपरांचा अंदाज येत नाही. आता कोल्हापूर-सांगलीकडच्या दैनिकात रोज फोटोंसकट आठ-दहा निधनवार्ता असतात आणि शेवटी रक्षाविसर्जन अमुक वारी सकाळी इतक्या वाजता असं लिहिलेलं असतं. शंभर वर्षांपूर्वी तसं नव्हतं. 'केसरी' १८८१ मध्ये निघाला, पुण्याचा 'ज्ञानप्रकाश' त्याच्याही आधी, १८४९ मध्ये. पण त्यांत मृत्यूची बातमी यायची ती नावाजलेल्या माणसाची. वकील, संस्थानिक, मोठा व्यापारी, विद्वान. साधं माणूस आलं तर गावोगावच्या बातमीदारांच्या पत्रात, पाऊसपाणी आणि बाजारभावाच्या मध्ये कुठेतरी. स्त्री आली तर अमक्या रावसाहेबांच्या पत्नी म्हणून.

समाजाची पत्रं याहून उपयोगी. आपल्याकडे ती परंपरा जुनी आहे. सोलापूरच्या शेठ हिराचंद नेमचंद यांनी १८८४ मध्ये 'जैन बोधक' काढला. दक्षिण महाराष्ट्र जैन सभा १८९९ मध्ये स्तवनिधीला स्थापन झाली आणि तिचं 'प्रगति आणि जिनविजय' आपल्यापैकी अनेकींच्या माहेरी-सासरी येत असे. आमच्याकडे तर त्याची रद्दी विकायची नाही, असा आजोबांचा दंडक होता. याशिवाय हिंदीतून निघणारी जैन पत्रंही आपल्या भागात येत असत. या सगळ्या अंकांत धर्मचर्चा, सभेची भाषणं, मुनिसंघाच्या विहाराच्या बातम्या असतात. अभ्यासक तेवढं वाचतात. मी मागची पानं वाचली. मागच्या पानांवर देणग्यांच्या याद्या असतात.

आणि मैत्रिणींनो, बायका तिथे आहेत.

आपल्याकडे माणूस गेलं की त्याच्या नावे काहीतरी दान करायचं. शास्त्रदान, आहारदान, मंदिराला, आणि त्या काळात विशेष करून बोर्डिंगला. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात जैन बोर्डिंग निघालं, कर्मवीर भाऊराव पाटील तिथेच राहून शिकले, हे आपण सगळ्या जाणतो. त्या बोर्डिंगांतल्या मुलांचं जेवण या चार-पाच रुपयांच्या देणग्यांतून चाले. लग्न झालं, मूल झालं, कोणी वारलं, की रक्कम पाठवायची, आणि पत्रात त्याची पोच छापून यायची. देणाऱ्याचं नाव, गाव, रक्कम, आणि कशाप्रीत्यर्थ. त्या 'कशाप्रीत्यर्थ'मध्ये बाईचं स्वतःचं नाव लागे, कारण स्मरणार्थ दिलेलं दान 'अमक्याची बायको' या नावावर कसं जमा करणार?

मी बी.कॉम. आहे. नोकरी कधी केली नाही, पण कीर्द आणि खतावणी डोक्यात पक्की बसली आहे. कीर्दीत व्यवहार घडेल तसा दिवसावारी टिपतात, मग खतावणीत प्रत्येकाच्या नावाने वेगळं पान काढून तिथे उतरवतात. जुनी पत्रं ही कीर्द आहे. त्यात आपलं माणूस एका ठिकाणी कधीच सापडत नाही, दहा वर्षांत चार ठिकाणी चार ओळी असतात. म्हणून मी शंभर पानी वही केली आणि प्रत्येक माणसाला एक पान दिलं. पणजीचं पान नावावाचून, नुसतं 'पणजी' लिहून.

ही दानाशी नाव जोडायची रीत कालपरवाची नाही, हेही या निमित्ताने लक्षात आलं. आपल्या जुन्या मूर्तींच्या पीठावर मूर्ती कोणी घडवली ते कोरलेलं असतं, आणि त्यात बायकांची नावं असतात. पोथ्यांच्या शेवटी कोणासाठी लिहवून घेतली ते असतं. दहाव्या शतकातली कर्नाटकातली अत्तिमब्बे तर प्रसिद्धच आहे. तिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून वाटल्या आणि लक्कुंडीला बसदी बांधली. छापखाना नसताना हजार प्रती! तिचा मृत्यू केव्हा झाला हे किती जणींना सांगता येईल? पण तिने काय दिलं ते हजार वर्षं टिकलं आहे.

असो. मी १९१८ च्या भाद्रपदापासून पुढचे अंक मागून घेतले. त्या वाचनालयात बांधलेले खंड होते, कडा तुटत होत्या, हातात पानांचा भुगा येत होता. मोबाईलवर फोटो काढून मजकूर शोधायचा प्रयत्न नातवाने करून पाहिला. नवीन छपाईला ते यंत्र बरं चालतं, पण जुन्या शिळाछापाला आणि झिजलेल्या खिळ्यांना ते 'भगिनी'चं 'मगिनी' करतं. शेवटी डोळेच उपयोगी. त्या सहा महिन्यांचे अंक वाचणं सोपं नव्हतं. एकेका गावातून आठ-आठ, दहा-दहा नावं. एका यादीत एकाच घरातल्या सासू, सून आणि तान्हं मूल यांच्या नावे मिळून तीन रुपये होते. मी त्या दिवशी वही मिटून घरी आले.

नोंद मराठी पत्रात नव्हती, एका हिंदी पत्रात निघाली. १९१९ च्या सुरुवातीच्या अंकात. चिकोडीकडच्या एका गावच्या गृहस्थांनी पाच रुपये दिले होते, भगिनीच्या स्मरणार्थ. भगिनीचं नाव होतं. ती कोणत्या गावी दिली होती, ते गाव आमच्या पणजोबांचं. मृत्यूची मिती आश्विन कृष्ण ८, वीर संवत २४४४.

माझ्या आनंदाला लगेच खीळ बसली. आजी म्हणायची पक्षपंधरवड्यात. आश्विन वद्य अष्टमी म्हणजे कोजागरीनंतर, दिवाळीच्या आठवडाभर आधी. महिन्याभराचा फरक. आता इथे आपल्याला सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट कामाला आली. महावीर स्वामींचं निर्वाण आपण आश्विन अमावास्येला मानतो, आणि आपल्याच हिंदी पूजेच्या पुस्तकात मात्र कार्तिक कृष्ण अमावस्या छापलेली असते. दिवस एकच. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे शुद्ध पक्षाचं नाव दोन्हीकडे सारखं, पण वद्य पक्षाला ते आपल्यापेक्षा एक महिना पुढचं नाव देतात. हिंदी पत्रातला आश्विन कृष्ण म्हणजे आपला भाद्रपद वद्य. भाद्रपद वद्य म्हणजेच पक्षपंधरवडा! सप्टेंबर १९१८ चा शेवटचा आठवडा. चार वर्षांच्या पोरीने ऐकलेलं आणि शेजाऱ्यांच्या घरच्या पानांवरून लक्षात ठेवलेलं तंतोतंत बरोबर होतं.

सालांचा हिशेबही लिहून ठेवा, तुम्हाला लागेल. वीर संवत दिवाळीनंतर बदलतो. जानेवारी ते दिवाळी वीर संवतातून ५२६ वजा करायचे, दिवाळीनंतर डिसेंबरपर्यंत ५२७. शकात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारी ते फाल्गुन ७९. विक्रम संवतात तर गंमत आहे. हिंदी पत्रात तो चैत्रात बदलतो आणि गुजराती पत्रात कार्तिकात, म्हणून माझ्या पणजीच्या मृत्यूचं साल हिंदीत १९७५ आणि गुजरातीत १९७४ पडतं. अधिक महिना असला तर आणखी जपायचं. १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस अधिक श्रावणात होता, तेव्हा त्या वर्षी नुसतं 'श्रावण' लिहिलेलं असेल तर अधिक की निज हे आजूबाजूच्या बातम्यांवरून ठरवावं लागतं.

पण एका पावतीवर हिशेब बंद करायचा नसतो. त्या गावातून त्या साथीत दुसऱ्याही कोणाची बहीण आमच्या गावी दिलेली असू शकते. म्हणून दुसरा पुरावा हवा होता. तो मिळाला तो आजीच्या लग्नात. आजीचं लग्न १९२९ च्या उन्हाळ्यातलं. सारडा कायदा १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता, त्यामुळे त्या सुमारास लग्नांचा नुसता पाऊस पडला होता आणि पत्रांची पानंच्या पानं लग्नाच्या बातम्यांनी भरलेली आहेत. आजीच्या लग्नाच्या बातमीत दोन्हीकडच्या देणग्या होत्या. त्यात वधूचे मामा म्हणून तेच चिकोडीकडचे गृहस्थ, तेच गाव, आणि अकरा रुपये वधूच्या कैलासवासी मातोश्रींच्या स्मरणार्थ. इथे नाव वेगळं होतं. ते सासरचं नाव. दहा वर्षांपूर्वीच्या यादीत भावाने बहिणीचं माहेरचं नाव घातलं होतं, आणि भाचीच्या लग्नात, सासरच्या मांडवात, तिचं सासरचं. गाव, भाऊ, दिलेलं गाव, तिन्ही रकाने जुळले. पणजीच्या पानावर एकाऐवजी दोन नावं चढली.

दहा वर्षं झाली तरी त्या भावाने ते विसरलं नव्हतं, याचं मला फार वाटलं. पाच रुपये तेव्हा थोडे नव्हते, महागाईच्या वर्षी तर नाहीच.

आता दुसऱ्या पणजीबद्दल. मावशीच्या मनात तिच्याविषयी आढी होती. साहजिक आहे, नाव घेऊ न देणारी सावत्र आई. माझीही सहानुभूती पहिलीकडेच होती. ती पन्नासच्या दशकात वारली तोवर दैनिकांतून साध्या घरच्याही निधनवार्ता येऊ लागल्या होत्या. तिची बातमी सापडली, पाच ओळींची. शेवटी नेहमीचंच वाक्य, पश्चात दोन मुलगे, चार मुली, नातवंडे असा परिवार आहे. मी ते वाक्य पुन्हा वाचलं. तिला मुली तीन. चौथी माझी आजी. बातमी दिली असेल ती तिच्या पोटच्या मुलांनी, आणि त्यांनी चार लिहिलं. सावत्र असा शब्दही नाही. मावशीला ती ओळ वाचून दाखवली तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या आईला तिने मोजलं होतं." आणि थोड्या वेळाने, "म्हणून तर पहिलीला मोजायला कोणी उरलं नाही." दोन्ही खरं आहे. त्या चार आकड्यात माया होती आणि त्याच आकड्याने पहिलीचा माग पुसला.

निधनवार्तेतल्या अशा ठरीव शब्दांकडे नीट पाहायला शिका, असं मी सांगेन. 'सौ.' आणि 'गं. भा.' हे तर फार कामाचे. एखादी बाई १९२५ च्या यादीत 'सौ.' असेल आणि १९२८ च्या यादीत 'गं. भा.', तर नवऱ्याची तारीख त्या तीन वर्षांत शोधायची. मला स्वतःला गंगा भागीरथी ही बिरुदावली कधी आवडली नाही, पण शोधायला तिने मदत केली हे नाकारत नाही. रक्षाविसर्जन बहुधा तिसऱ्या दिवशी, म्हणजे बातमीत तारीख नसली तरी मागे मोजता येते. 'देवाज्ञा झाली' असं आपल्या लोकांच्याही बातमीत छापून येतं. आज्ञा देणारा देव आपण कुठे मानतो? छापखान्यातला साचा तो. आणि 'कै.' म्हणजे कैलासवासी. हा शब्द शिवाच्या कैलासावरून आला असला तरी आदिनाथ भगवंतांचं निर्वाण कैलासावरचंच, तेव्हा तो आपल्याला चालून जातो, असं मी मनाशी ठरवून टाकलं आहे. 'समाधिमरण' असा शब्द दिसला तर मात्र थांबून वाचा. तो सहसा साचा म्हणून येत नाही. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ मध्ये कुंथलगिरीला छत्तीस दिवसांच्या सल्लेखनेनंतर १८ सप्टेंबरला देह ठेवला. त्या वेळच्या बातम्या वाचल्यानंतर तो शब्द घरच्या एखाद्या आजीच्या नावापुढे दिसला, की तिने शेवटचे दिवस कसे घालवले याचा अंदाज येतो. घरातली एखादी बाई दीक्षा घेऊन आर्यिका झाली असेल तर तिसरंच नाव शोधावं लागतं. बातमीत गृहस्थाश्रमातलं नाव दिलेलं असेल तर नशीब.

आडनावांचाही घोळ असतो. आपल्याकडे एकच घर कधी पाटील, कधी चौगुले, कधी गावावरून 'कर'. सीमेकडच्या गावांत तर नुसतं नाव आणि वडलांचं नाव. शोधायचं ते आडनावाने नव्हे, गावाने. आणि गावाचं जुनं लिहिणंही वेगळं असतं, शिवाय सीमाभागातली पत्रं, कागद कानडीत. त्यासाठी कानडी वाचणारी एखादी जाऊबाई गाठून ठेवा.

माझी विहीण मुंबईची, गुजराती श्वेतांबर. तिच्याकडे 'मुंबई समाचार' येतो. १८२२ पासून चालू असलेलं पत्र. त्यात 'जैन मरण' असं वेगळं सदर असतं. ते तिने मला वाचून दाखवलं आणि मला अक्षरशः हेवा वाटला. मूळ गाव कोणतं, हल्ली राहणं कुठे, आणि बाई गेली असेल तर पियर पक्ष, म्हणजे माहेर कोणाचं, ते घराण्यासकट. एका नोटिशीत चार घराणी येतात. शंभर वर्षांनी तिच्या पणतीला माझ्यासारखं वणवण करावं लागणार नाही. मग आपल्या मराठी निधनवार्तेत माहेर का नाही? जागेचे पैसे पडतात म्हणावं तर 'मनमिळाऊ स्वभावाच्या होत्या' याला जागा असते.

मी घरात सांगून ठेवलं आहे. माझी बातमी देताना माहेरचं नाव, वडलांचं नाव आणि गाव घालायचं, स्वभावाचं काही लिहायचं नाही. सुनेने ते मोबाईलमध्ये टिपून घेतलं आहे. मुलगा रागावला, पण त्याच्या वडलांनी हळूच स्वतःच्या आईचं माहेरचं नाव विचारलं. ते मला ठाऊक होतं.

तुम्हाला करायचं असेल तर घरापासूनच सुरुवात करा. माळ्यावरचे जुने अंक, लग्नपत्रिका, पूजेच्या पुस्तकांची पहिली पानं. भेट मिळालेल्या ग्रंथांवर कोणी कोणाच्या स्मरणार्थ दिला ते छापलेलं किंवा लिहिलेलं असतं. २०१९ च्या पुरात आपल्या भागात घराघरांतले, वाचनालयांतले असे किती कागद गेले. जे वर राहिलेत त्यांचे आधी फोटो काढा, मग वाचा. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे, मुंबईचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासूनचं. मोठ्या जुन्या वाचनालयांत नियतकालिकांचे खंड कुठे आहेत ते नीट विचारा. मागचे अंक म्हटलं की कर्मचारी गेल्या महिन्याचे देतात, म्हणून साल सांगून मागा. वहीत प्रत्येक नोंदीपुढे पत्राचं नाव, साल, अंक, पान लिहा. घरात पुढे वाद होतात, तेव्हा तोच आधार.

वंशावळ करणाऱ्या मुलाला मी दोन्ही पानांचे फोटो पाठवले. तो भला आहे. त्याने झाडात पणजोबांच्या डाव्या बाजूला नवी चौकट केली आणि त्यात माहेरचं नाव, सासरचं नाव, माहेरचं गाव, १८९६ ते १९१८ असं घातलं. जन्मसाल वयावरून काढलेलं आहे, म्हणून पुढे 'सुमारे' लिहायला लावलं.

मावशीने मुलींच्या एका वसतिगृहाला एक हजार रुपये द्यायचे ठरवले, दोघींच्या स्मरणार्थ. मी पैसे भरायला गेले. पावतीत 'यांच्या स्मरणार्थ' याच्यापुढे एकच ओळ, आणि नावं तीन. तिथल्या मुलीने विचारलं, एक नाव लिहू का? मी दोन पावत्या करायला सांगितल्या, पाचशे-पाचशेच्या. पहिलीवर दोन्ही नावं बारीक अक्षरात बसली.